बिनपट्टीचे पाणी

अंगणाच्या कडेला उभे राहून ते दोनदा खोकत. मग डोक्यावरची टोपी काढून काखेत धरत आणि घरातल्या माणसाकडे न बघता ओट्याच्या खांबालाच सांगावे तसे सांगत, "हुकूम आलाय. पैशे नाय आले."

तुमच्यापैकी ज्यांनी खेड्यात दिवस काढले आहेत त्यांनी असा एखादा माणूस पाहिलाच असेल. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की बायका वाळवण सोडून आत जातात आणि पुरुषांना एकाएकी शेतावरचे काम आठवते. आमचे गाव मुरबाडपासून अडीच कोसांवर. गावात नवी ग्रामपंचायत झाली तेव्हा चार बुके शिकलेला म्हणून यांना तिचे चिटणीस केले. नाव मोठे, पण काम एकच. वरून हुकूम यायचा, अमुक बांधा, तमुक सुरू करा. खाली एक ओळ ठरलेली असायची, की खर्च गावाने आपल्या उत्पन्नातून भागवावा. गावाचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, आणि ती घरोघर जाऊन मागायची चिटणिसांनी. हुकूम काढणारा लांब खुर्चीवर, शिव्या खाणारा आमच्या अंगणात.

मी तेव्हा तिथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर होतो. टपालाचे कामही माझ्याच गळ्यात होते, त्यामुळे प्रत्येक हुकूम आधी माझ्या हाताखालून जाई. चिटणीस लखोटा घेत, तळहातावर जोखत आणि म्हणत, "मास्तर, नीट बघा. मागनं मनिआर्डर येतेय का."

"नाही हो."

"नाय ना? मंग आपलाच हाय हा."

एकदा कोंडवाड्याला दगडी भिंत हवी असा हुकूम आला. आमचा कोंडवाडा करवंदीच्या काट्यांचा होता आणि गुरांची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. लढाईच्या दिवसांत चावडीवर रोज कंदील लावण्याचा हुकूम आला, आणि त्याच महिन्यात रॉकेल मिळेनासे झाले. चिटणिसांनी कंदील आणून टांगला. तपासणीला साहेब आले आणि विचारू लागले, वात कोरडी का? हे टोपी काखेत धरून म्हणाले, "साहेब, हुकूम कंदिलाचा व्हता." साहेबांना हसावे की रागवावे ते कळेना.

पट्टी खणांवर ठरे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, जितके खण तितकी पट्टी. चिटणीस प्रत्येक घरात खांब हाताने चाचपून मोजत. एका म्हातारीने पट्टी चुकवायला एका खणात बकरी बांधली आणि म्हणाली, "ह्यो खण माझा नाय. बकरीचा हाय."

"बरं गो. बकरीचं नाव काय लिवू?"

म्हातारीने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते शांतपणे ऐकून घेऊन पुढच्या घराकडे वळले.

ते कुणाकडे पाणी पीत नसत. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी तांब्या देतात, मग काम विचारतात. हे मात्र कमरेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा बांधून हिंडत आणि तहान लागली की त्यातले दोन घोट घेत. मला आधी वाटले जातीपातीचे काही असेल. एकदा विचारलेच. तेव्हा कळले, की पहिल्या वर्षी ते मेहुण्याच्या घरी खण मोजायला गेले होते. उन्हाचे गेलेले, पाणी प्याले, गूळ खाल्ला, गप्पांत एक खण मोजायचा राहिला. चुकून राहिला, मुद्दाम नव्हे. पण दुसऱ्या दिवशी गावभर झाले, चिटणिसाला पाणी पाजले की खण कमी होतो. मग काय, प्रत्येक ओट्यावर तांब्या भरून तयार! त्याच दिवशी ते मुरबाडच्या बाजारातून तुंबा घेऊन आले.

"मास्तर, ज्याचं पाणी प्यालो त्याच्या खांबाला हात लावायचा कसा?" ते म्हणाले.

पाणी सुटले तसे बाकीचेही सुटत गेले. ज्याच्या घरचे पाणी नाही त्याच्या घरचे जेवण कसे चालेल? लग्नाला ते मांडवाच्या बाहेरूनच अक्षता टाकत आणि परत फिरत. पुढे पुढे लोक बोलावीनासे झाले. त्यांची बायको कधीच वारली होती, मुलगी खर्डीच्या बाजूला दिली होती. माणसांनी भरलेल्या गावात हा माणूस दिवसचे दिवस फक्त पट्टीपुरता बोलत असे.

एवढ्या गावात त्यांना एकच माठ मोकळा होता, तो माझा. मी शाळेच्या खोलीतच राहत होतो आणि शाळेला घरपट्टी नव्हती. संध्याकाळी ते पायरीवर येऊन बसत, तुंबा दाराजवळच्या खुंटीला अडकवत आणि मोठ्या हक्काने म्हणत, "द्या मास्तर, बिनपट्टीचं पाणी." तांब्याभर पाणी ते इतके सावकाश पीत की मला वह्या तपासून व्हायच्या. पाण्यापेक्षा त्यांना कुणाच्या तरी हातून तांब्या घ्यायचा असे, हे मला तेव्हाही कळत होते.

मग माझे लग्न झाले. गावात तीन खणांचे घर भाड्याने घेतले, पट्टी मी भरायची अशी घरमालकाची अट होती. माठ घरी गेला. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आले, मी त्यांना घरी चला म्हटले. घराकडे बघून त्यांनी मान हलवली. "तुमी बी आता पट्टीवाले झालात की मास्तर." त्यांनी खुंटीवरचा तुंबा काढून घेतला आणि गेले. मला वाईट वाटले. पण नवे लग्न झालेल्या माणसाला वाईट वाटायला फारशी सवड नसते.

पुढच्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू झाली. हुकूम आला की प्रत्येक विहिरीत लाल दवा टाकावी. दवा आली नाही. ती गावाने आणायची होती. त्यासाठी पट्टी वाढली. चिटणिसांनी स्वतः चालत जाऊन दवा आणली, प्रत्येक विहिरीत उतरून कालवली. पाणी गुलाबी झाले तसे गाव खवळले. "पाणी नासवायचे पैशे घेतो काय रे?" पलीकडच्या गावात घरटी एक माणूस गेले. आमच्याकडे कोणीही दगावले नाही. आणि दगावले नाही म्हणूनच सगळे म्हणू लागले, की दवेची गरजच नव्हती, पट्टी फुकट गेली.

आता माझे सांगतो. वाढलेली पट्टी मलाही टोचली होती. सरकारचे काम आणि आमच्या खिशातून का, हा प्रश्न बरोबरच होता. पण तो विचारायला वरच्या साहेबापर्यंत हात पोचत नव्हता, समोर चिटणीस होते. ते पट्टीला आले की मी दारामागे उभा राही आणि बायकोला सांगायला लावी, "घरात कोणी नाही." ते बाहेरून म्हणत, "बरं. मास्तरांना सांगा, हुकूम आलाय." तो हुकूम मीच सकाळी त्यांच्या हातात दिलेला असे.

एवढ्यावर भागले नाही. चिटणिसांना काढावे म्हणून गावाने अर्ज करायचा ठरवला. लोक माझ्याकडे आले. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमी लिवा." मी लिहिला. वळणदार अक्षरात, चांगली शाई वापरून लिहिला. त्याची लाज मला आजही वाटते.

दोन महिन्यांनी लखोटा आला. नेहमीप्रमाणे तो मीच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळहातावर जोखला, उघडला, वाचला. मग टोपी डोक्यावर घातली. ती त्यांच्या डोक्यावर मी कितीतरी दिवसांनी नीट बसलेली पाहिली.

"कामावरनं काढलं. कचेरीत मागंच अर्ज दाखवला व्हता मला," ते म्हणाले. "अक्षर तुमचं ना? लई झाक." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्यानंतरचा रविवार. बाजाराला मी मुरबाडला गेलो होतो. दिवस कलता परत आलो तर बंद शाळेच्या दाराजवळच्या खुंटीला तुंबा अडकवलेला. हलवून पाहिला, आत थेंब नव्हता. मी घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती.

"चिटणीस आले होते का ग?"

"आले होते ना. मगाशीच. आधी शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले, त्या लोकांनी दार लावून घेतलं. मग त्यांच्या पलीकडे गेले, तिथंही तेच. मग आपल्याकडे आले. गाडी थांबलीय म्हणाले, मुलीकडे निघालोय, शहापूरच्या वाटेनं."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, मास्तरीणबाय, आज हुकूम नाय. आज पाणी प्यायला आलोय."

"मग?"

तिने सुपातून मान वर केली. "मला वाटलं, पट्टी मागायची ही नवी तऱ्हा. तुम्ही शिकवलंत तेच सांगितलं. आतूनच."

मी तांब्या भरला आणि तसाच गावाबाहेर गाड्या नदी ओलांडतात त्या उताराकडे धावलो. अलीकडे कोणी नव्हते. पलीकडच्या काठावर गाडीच्या चाकांच्या ओल्या रेघा चढून शहापूरच्या वाटेला लागल्या होत्या. मी हाका मारल्या. हातातल्या तांब्यातले अर्धे पाणी वाटेतच सांडले होते, उरलेले घेऊन मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.