माझे सोमवार

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा मी तिथे कारकून होतो. महादेवाच्या देवळामागे एक म्हातारा भांगेच्या गोळ्या विकायचा. गोळी देण्याआधी गिऱ्हाइकाचे डोळे निरखून बघायचा. मी प्रसाद म्हणून फक्त सोमवारी घ्यायचो. पुढे माझे सोमवार आठवड्यातून चारदा येऊ लागले. सवय मात्र मला मुळीच नव्हती!

दुष्काळातल्या एका गुरुवारी तो नुसताच बसला होता. "पानी न्हाई, साहेब. भांग वाटू कशानं?"

टँकरपुढं उभं राहायला मला कधी वेळ नसायचा. बायकोनं रांगेत थांबून भरलेली घागर मी खांद्यावर घेतली आणि धापा टाकत त्याच्याकडं आलो.

त्यानं माझे डोळे निरखले. "आज वार कोन्ता, साहेब?"

"सोमवार," मी ठणकावून सांगितलं.

त्यानं घागर उचलून पुन्हा माझ्या खांद्यावर ठेवली.