वेल्टरचं डुक्कर आणि नारिंगी केळी

आमच्या बेटावर, किट्टीत, वेल्टरपेक्षा त्याच्या डुकराला जास्त मान होता. वेल्टर रस्त्यात भेटला की लोक आधी डुकराची चौकशी करत, आणि यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्याचा सगळा जन्म एकाच ध्यासात गेला. आमच्या सरदारांना असं डुक्कर अर्पण करायचं, की त्यांनी भर मेजवानीत आपल्याला वरचा किताब द्यावा.

त्या डुकराला तो परसातली करात केळी घाली. करात म्हणजे आमचं जाडजूड केळं, आतून नारिंगी. पूर्वी बाळाच्या तोंडात पहिला घास त्याचाच पडे. पुढे दुकानात पांढरा तांदूळ आला आणि करात गरिबाचं खाणं ठरलं. वेल्टरचा जीव नातीवर, मेलितावर. तिच्यासाठी तो तांदूळ, बिस्किटं, नूडल्स आणी. एकदा त्याच्या मुलीनं, सेर्लीननं, मेलितासाठी करात कुस्करायला घेतलं, तर हा भडकलाच.

"डुकराचं खाणं माझ्या नातीला घालतेस?"

"बाबा, आजीनं तुम्हाला हेच घातलं ना?"

"म्हणूनच मी असा राहिलो. ही सरदारांसारखी खाईल."

मी शेजारीण, सगळं ऐकत होते. पण बोलणार काय? घरोघरी तोच भात शिजत होता.

मेलिता दिवेलागणीला ठेचकाळायला लागली. एकदा डुकराच्या दोरीत पाय अडकून पडली, तेव्हा वेल्टरनं तिला उचलून घेतलं. "आमची कोंबडी गं ही! ऊन गेलं की हिला दिसत नाही." सगळे हसले, तीही हसली. ते हसणं आठवलं की अजून माझा संताप होतो.

मग गोवर आला. गावातली बरीच पोरं पुरळ जिरताच उठून खेळायला लागली. मेलिता उठेना. जुलाब थांबेनात, छाती घरघरायला लागली. दवाखान्यातल्या इलारिया नर्सनं तिच्या तोंडात अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल पिळली, डोळे तपासले आणि विचारलं, "हिला संध्याकाळी दिसत नव्हतं का?"

सेर्लीननं वेल्टरकडे पाहिलं.

"खाते काय ही?"

"चांगलंच खाते," वेल्टर म्हणाला. "भात. दुकानातला, पांढराशुभ्र."

इलारिया एरवी फटकळ बाई, पण त्या दिवशी सावकाश बोलली. "काका, अ जीवनसत्त्व यकृतात, म्हणजे कलेजीत, साठून राहतं. लागेल तसं शरीर त्याचं एक आम्ल बनवतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींना तेच सांगतं, चला, आतड्याकडे जा. ते नसलं की पेशी अंगात असूनही वाट चुकतात. घशाचं, छातीचं अस्तरही झिजतं. त्यात होता नव्हता तेवढा साठा गोवर संपवतो."

"पण आता तुम्ही दिलंत ना?"

"दिलंय. आधीपासून मिळायला हवं होतं."

"कशातून?"

"कलेजीतून. नाहीतर तुमच्या परसातल्या करातमधून."

दुसऱ्या दिवशी मेलिता गेली.

मयताला आमच्यात घरचं सगळ्यात मोठं डुक्कर कापतात. त्या घरात मोठं ते एकच होतं. सरदार आले, सभाघरात उंचावर बसले. पहिला वाटा त्यांचा, त्याआधी मांसाला कुणी हात लावायचा नाही, आणि त्यांच्या पुढून जायचं ते वाकून. वेल्टर जन्मभर दुसरं काही शिकलाच नव्हता. तरी कलेजी केळीच्या पानावर आली तसा तो उठला. पान उचललं आणि सरदारांच्या पुढून ताठ चालत गेला. मला वाटलं, आता कुणीतरी याला ओढून खाली पाडणार. सरदारांनी नुसता हात वर केला आणि पुढे आलेली माणसं जागीच थांबली.

सेर्लीन कोपऱ्यात मेलिताच्या धाकट्या भावाला पाजत बसली होती. वेल्टरनं पान तिच्यापुढे ठेवलं.

"खा पोरी. दुधातून जाईल त्याला."

सेर्लीन त्या काळ्याभोर कलेजीकडे बघत राहिली.

"हे मेलिताचं होतं, बाबा."

"हो," वेल्टर म्हणाला. "मीच डुकराला घातलं."