तात्यांच्या हयातीत उतरलेली मिशी

आधी चहा ओता. ही गोष्ट कोरड्या घशानं सांगायची नाही. आणि हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण आमचं अख्खं बेंबळी गाव माझ्या तोंडावर हसून झालंय, तुमची चार माणसांची भर पडून काय बिघडणार आहे?

ही मिशी बघताय ना माझी? ही दुसरी. पहिली हिच्यापेक्षा देखणी होती. दोन्ही टोकं वर, मधे दाट, वर्गात शिरलो की पोरं आधी मिशीकडं बघून गप्प व्हायची. ती मी स्वतःच्या अकलेनं घालवली, आणि मिशीबरोबर आणखी काय काय गेलं ते आता ऐका.

तेव्हा मी उस्मानाबादला शाळेत मास्तर होतो. नोकरी नवी, लग्न नाही, आणि डोक्यात नाटक! निजाम जाऊन बरीच वर्षं झालेली, महाराष्ट्र राज्यही होऊन गेलेलं. वर सरकारात कुणाच्या तरी मनात आलं, की मराठवाड्यातल्या नव्या पोरांनी आता स्वतःची नवी नाटकं उभी करावीत. राजे-महाराजे पुरे झाले, आपल्या मातीतलं काढा. आणि पोरं चुकू नयेत म्हणून प्रत्येक मंडळाला हाताशी धरायला एक जाणता माणूस. आमच्या वाट्याला आले देवस्थळी सर. पुण्याचे.

सर उंच, गोरे, दाढीमिशी तुळतुळीत, झब्ब्याला कधी सुरकुती नाही. आम्ही हार घेऊन येडशी स्टेशनवर गेलो होतो. सर गाडीतून उतरले, हाराकडं बघितलं आणि म्हणाले, "हे नाटकी झालं." तो हार मग आम्ही तिथल्याच रामलिंगाच्या देवळात वाहून आलो.

नाटक मी लिहिलं होतं. मी! शहरात नोकरीला असलेला एक मुलगा, बापाशी भांडून गेलेला. बाप गेल्याचा निरोप येतो. मुलगा घरी पोचतो तर बाप अंगणात चादरीखाली. मुलगा त्याच्यापुढं पडून रडतो आणि पडदा. मुलाचं काम अर्थात माझ्याकडं. स्वतःच्या नाटकात दुसऱ्याला मुलगा करायला मी काय खुळा होतो?

अडचण एवढीच, की मला रडता येईना.

रोज संध्याकाळी तालीम. रोज मी चादरीपुढं गुडघे टेकायचो, तोंड वाकडं करायचो, आणि सर मान हलवायचे. "मोरे, तुमच्या चेहऱ्यावर बाप मेलेला दिसत नाही."

मग बाकीचे सुरू व्हायचे. "आरं मास्तर, बाप मेल्याचं आण की जरा तोंडावर!"

कुठून आणू? तात्या, माझे वडील, ठणठणीत. बेंबळीत शेती बघत होते, भाकरीबरोबर हिरवी मिरची कचाकचा खात होते.

आणि आमच्यातच एक दिनकर होता. पोस्टात कारकून, नाटकात शेजाऱ्याचं काम. त्याला नुसतं "दिनकर, रड" म्हटलं की डोळे भरले! कांदा नको, काही नको. सरांनी ते हेरलं. एक दिवस तालीम संपताना म्हणाले, "मोरे, रविवारी मी शेवटचं पाहीन. नाही जमलं तर मुलगा दिनकर करतील. तुम्ही लेखक आहातच."

लेखक आहातच! म्हणजे कळलं ना? भिंतीला टेकून बसा आणि टाळ्या वाजवा. 

दुसऱ्या दिवशी मी सरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "सर, काहीतरी सांगा. हे काम गेलं तर मी कुठलाच राहत नाही."

सरांनी माझ्या तोंडाकडं बोट केलं. "तुमची मिशी आड येते. अभिनय ती करते, तुम्ही तिच्यामागं लपता."

"काढू?"

"काढा. आणि उद्याचा सबंध दिवस त्या दुःखात राहा. कुणाशी बोलू नका, कुणाला खुलासे करू नका. दुःखाबाहेर आलात की संपलं."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं बाप जिवंत असताना कुणी मिशी उतरवतं का? सरांना हे ठाऊक नसेल, त्यांच्याकडं बापलेक शेजारी बसून मिशा काढत असतील. पण मला तर पक्कं ठाऊक होतं! तरी मनाची समजूत घातली. तात्या बेंबळीत, मी उस्मानाबादेत. दिवाळीपर्यंत घरी जायचंच नाही. तोवर मिशी परत येते. तात्यांना कळायचंय कशाला?

हे मी ज्याच्या खुर्चीत बसून मनात म्हटलं, त्या गणू वारकाची, आमच्या न्हाव्याची, सासुरवाडी बेंबळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तोच दुःखात. शाळेला सुट्टी टाकलेली. दात घासले दुःखात, चहा प्यालो दुःखात. गणूच्या दुकानात शिरलो, खुर्चीत बसलो आणि काही न बोलता मिशीवर बोट ठेवलं.

"बारीक करू?"

मी मान हलवली.

"मग? समदी उतरायची?" गणूचा वस्तरा हवेतच थांबला. "गुर्जी, तात्या बरे हायती न्हवं?"

मी गप्प. खुलासे करायचे नाहीत ना! डोळे मिटून घेतले. आणि काय सांगू, मिशी जाणार म्हणून असेल, पण डोळ्यातून एक टिपूस खरोखर आलं. पहिलं टिपूस! इतके दिवस बोलावत होतो ते आलं. मी मनात नाचलो, पण तोंड पाडूनच ठेवलं.

"अरारारा," गणू म्हणाला. "लई देवमाणूस."

 गणूचा हात फिरत राहिला. मला वाटलं, मिशीला वेळ जरा जास्तच लागतोय. डोळे उघडले तर आरशात नुसती शेंडी राहिलेली! मिशी नाही, केस नाहीत, काही नाही.

मी ओरडणारच होतो. पण दुःखाबाहेर येईन ना! शिवाय वाटलं, नाटकातल्या मुलाचं डोकं तरी दुसरं कसं असणार? मी एक शब्द बोललो नाही आणि गणूला सगळं कळलं, म्हणजे माझा अभिनय केवढा खरा! पैसे द्यायला गेलो तर गणूनं हात जोडले आणि तोंड फिरवलं.

तिथून पुढं रस्ताभर मला दाद. एक वकीलसाहेब सायकलवरून उतरून बाजूला उभे राहिले. नळावरच्या बायांची बडबड थांबली. हॉटेलवाल्यानं, ज्यानं कधी आपणहून पाणी दिलं नव्हतं, त्यानं चहा आणून दिला आणि पाठीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, दिनकर, बस आता जन्मभर शेजाऱ्याचं काम करत!

आहे का हो असा मूर्ख तुमच्या पाहण्यात दुसरा?

संध्याकाळी तालमीला गेलो. सरांनी निरखून बघितलं. "डोकंही? हं. प्रामाणिकपणा आहे." सरांच्या तोंडून मला मिळालेला हा पहिला चांगला शब्द. मी चादरीपुढं गुडघे टेकणार, तेवढ्यात आमचे हेडमास्तर धापा टाकत आत आले.

"अहो मोरे, तात्या गेले आणि तुम्ही तालमीत?"

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं काय! सगळा स्टँड म्हणतोय. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. छातीत कळ आली, पाणी मागितलं, तुमचं नाव घेतलं…"

तुम्ही म्हणाल, मास्तर, सकाळी तुम्हीच सोडलेलं पिल्लू संध्याकाळी परत आलं, एवढंही ओळखू आलं नाही? नाही आलं! अहो, जेवून आडवे झाले म्हणाले. तात्या जेवून आडवे होतातच की! त्या अफवेनं दिवसभरात एवढं बाळसं धरलं होतं, की जन्मदात्यालाही ओळख पटू नये.

 मागच्या खेपेला तात्यांशी नाटकावरूनच वाद घातला होता आणि पाया न पडता निघून आलो होतो. ते सगळं वर आलं आणि मी रडलो. असा रडलो म्हणता! नाक वाहतंय, उचकी लागलीय, जमिनीवर लोळतोय. मंडळी हबकली. दिनकरही रडायला लागला, त्याला काय, निमित्तच हवं.

सर खुर्चीतून वाकून बघत होते. म्हणाले, "मोरे, अतिरेक होतोय. बाप मेल्यावर माणूस असा रडत नाही."

मी तसाच उठून स्टँडवर पळालो. बेंबळीच्या गाडीत लोकांनी मला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. उतरल्यावर "तात्याऽऽ" करत गल्लीतून धावलो, दारात पोचलो, आणि दारात तात्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले!

माय घरी नव्हती. ती नळदुर्गला मामाकडं गेलेली. एवढं ध्यानात ठेवा.

बाप जिवंत दिसल्यावर काय करायचं, याची तालीम कुणी घेतली नव्हती. मी त्यांचे पाय धरले आणि दुप्पट मोठ्यानं रडायला लागलो. आनंदानं हो! तात्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो घसरला. त्यांनी माझी हनुवटी वर केली, तोंड बघितलं, आणि हातातली शेंग खाली पडली.

"तुझी माय?" ते म्हणाले. "नळदुर्गाला चांगली चालत गेली व्हती की रं…"

मला सांगायचंय, पण उचकी शब्द बाहेर पडू देईना. मी जोरजोरात मान हलवली. आता रडणाऱ्या माणसाची मान होकाराची हलते का नकाराची, हे कुणाला कळणार? तात्यांनी कपाळ बडवून घेतलं. जन्मात ज्या माणसानं मायशी दोन गोड शब्द बोललेले मी ऐकले नव्हते, तो म्हणाला, "आता म्या कुनाच्या तोंडाकडं बगू?" ते ऐकून मला आणखीनच भडभडून आलं. गल्ली जमली, गल्लीही रडायला लागली. कोण गेलं ते कुणी विचारलं नाही, माझं डोकं समोर दिसतच होतं.

शेवटी शेजारच्या काकूंनी पाणी पाजलं, तेव्हा कुठं वाचा फुटली.

"माय बरी हाय, तात्या."

"मग कोन मेलं?"

"कुनीच न्हाय."

"मग मिशी?"

"नाटकासाठी…"

 तात्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्या जित्ता असताना माझ्या नावानं डोस्कं भादरून आलास व्हय?" आणि सांडलेल्या शेंगा वेचायला लागले.

संपलं असं वाटलं? सकाळी माय आली! नळदुर्ग हमरस्त्यावरचं गाव, तिथं बातमी ट्रकवाल्यांनी पोचवलेली. मामाला घेऊन माय वेशीपासून ऊर बडवत आली, मागं बायांचा घोळका. दारात तात्या लिंबाची काडी चावत उभे.

"आगं, हाय म्या!"

माय जागच्या जागी थांबली. जवळ आली, तात्यांच्या दंडाला हात लावून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् ह्यो कोन?"

पोटच्या पोराला, ह्यो कोन!

रविवारी मी तोंड लपवत परत निघालो तर तात्या काठी घेऊन तयार. "मिशी उतरायला लावनारा तुमचा त्यो शाना मानूस बगायचाय मला." मी त्यांना घेऊन तालमीला गेलो. पण सरांनी अदबीनं खुर्ची दिली, तात्या काठी मांडीवर घेऊन बसले, आणि सर म्हणाले, "मोरे, सुरू करा."

ही शेवटची संधी. मी काही नवं केलंच नाही. बेंबळीच्या दारात जसा धावत आलो, जसा पडलो, जसा रडलो, तसंच सगळं केलं. त्याहून खरं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं.

सरांनी उसासा टाकला आणि तात्यांकडं वळले. "तुम्हीच सांगा. याच्याकडं बघून याचा बाप मेलाय असं वाटतं?"

तात्यांनी माझं डोकं बघितलं, ओठ बघितला. "बाप मेल्यावानी न्हाय वाटत," ते म्हणाले. "ह्योच मेल्यावानी दिसतुय."

सर ताडकन उठले. "अगदी बरोबर!"

झालं. तोवर चादरीखाली आम्ही गादीची वळकटी ठेवत होतो, आणि ती खोटी दिसते म्हणून सर हैराण होते. त्यांना प्रेत मिळालं. मुलगा दिनकर झाला, आणि तोही मिशीसकट! सर म्हणाले, दिनकरांच्या मिशीत दुःख थांबून राहतं.

प्रयोगाला तात्या पुढच्या रांगेत. दिनकर धावत आला, माझ्या छातीवर कोसळला आणि माझी, मी लिहिलेली वाक्यं असं काही रडून म्हणाला की सगळं थेटर मुसमुसायला लागलं. अहो, ते रडणं माझं होतं! त्यासाठी मी मिशी दिली, डोकं दिलं, आईबापांना जिवंतपणी रडवलं. चादरीखाली मला असं भरून आलं की आवरेना. हुंदका दाबला तर चादर हलली. दुसरा दाबला तर चादर उडाली. पुढची रांग हसली, मग मागची. दिनकरनं रडता रडता चादर दाबून धरली, तर माझे पाय उघडे पडले. लोक खुर्च्या बडवत होते आणि मी आत ढसाढसा रडत होतो.

पडदा पडल्यावर बाहेर आलो. तात्या एकटेच उभे होते, डोळे लाल. मला वाटलं, एका माणसाला तरी माझं दुःख कळलं. वाकून पाया पडलो.

"त्यो दिनकर काय रडला रं! काळीज हाललं माझं," तात्या म्हणाले. "आन् तू? तुला नुस्तं मरून पडायचं व्हतं. त्ये बी जमंना व्हय?"