आज काय बिघडलं?

मोबाइलची बॅटरी संपत आली होती आणि सौसरला सासुरवाडीच्या बैठकीत एकही सॉकेट मोकळं दिसेना, म्हणून मी भिंतीतली एक काळी पिन उपटली आणि तिथे माझा चार्जर खोवला. एवढंच. जावयांनी सासुरवाडीत याहून मोठे अपराध केलेले आहेत. पण आतल्या खोलीत काहीतरी कण्हल्यासारखा आवाज करून विझलं आणि माझा साळा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा पाठचा भाऊ, दारात येऊन उभा राहिला. त्याने आधी माझ्या चार्जरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळपासून चाललेलं त्याचं काम मी एका झटक्यात बुडवलं होतं. आता सासूबाईंदेखत बोलणी खावी लागणार, म्हणून मी चेहरा आधीच पाडून ठेवला.

"भाऊजी," तो म्हणाला, आणि लॉटरी लागलेल्या माणसासारखा हसला, "हे तं माझ्या टेस्टमध्ये नव्हतंच!"

साऱ्या जगात, निदान पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंतच्या जगात, काही बिघडलं की आनंद होणारा असा हा एकच माणूस मी पाहिला. त्याने त्याच दुपारी एक नवी टेस्ट लिहिली. ऐन भरात असलेल्या जोडणीतून, कोणाला न विचारता, काहीही कारण नसताना एक वायर ओढायची आणि काय होतं ते पाहायचं. त्या टेस्टला त्याने नाव दिलं 'भाऊजी'. बंगळुरूच्या त्याच्या कंपनीत माझं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पण तिथली मोठमोठी माणसं सकाळी एकमेकांना विचारतात म्हणे, "आज भाऊजी पास झाला का?"

त्याचं काम नेमकं काय, हे मला कळायला फार वेळ लागला, आणि कळलं असं मी आजही छातीला हात लावून सांगणार नाही. आमच्या संत्र्याच्या मंडीत फाटकापाशी एक माणूस उभा राहून 'तुमची गाडी इकडं, तुमची तिकडं' करत असतो. तसाच एक खोका संगणकांच्या मधोमध बसून कुणाचा निरोप कुणाकडे जायचा ते ठरवतो. त्याला स्विच म्हणतात. इथपर्यंत ठीक. पण माझ्या साळ्याच्या वाट्याला आलेले स्विच हे खोकेसुद्धा नव्हते. ते संगणकाच्या पोटात नुसते लिहिलेले. नसलेल्या खोक्याला नसलेल्या वायरी, आणि वायरींच्या टोकाला नसलेले संगणक. हा सगळा नसलेला संसार तो एका फाइलमध्ये काही ओळी लिहून उभा करायचा, त्यातून निरोप सोडायचा, पोचले का पाहायचा, मधेच एखादी वाट तोडून ते दुसऱ्या वाटेने जातात का बघायचा, आणि शेवटी सगळं मोडून पाटी कोरी करायचा. बरं, हेसुद्धा हाताने नाही. सगळं आपोआप व्हावं असा बंदोबस्त करून तो ओसरीवर संत्री सोलत बसायचा. त्यामुळे 'घरून काम' सुरू झालं त्या साली सासूबाईंची खात्रीच पटली की पोराची नोकरी गेली आहे आणि तो सांगत नाही.

मी शाळामास्तर. जन्मभर परीक्षाच घेतल्या, पण माझी पोरं पास झाली की मी पेढे खातो. याचं उलटं. पडद्यावर पास झालेल्या टेस्टची हिरवी ओळ यायची, नापास झालेलीची लाल. सगळं हिरवंगार आलं की हा कपाळाला आठ्या घालून फेऱ्या मारायचा. "एकदाही नापास न झालेल्या टेस्टवर भरोसा ठेवायचा नसते, भाऊजी. आधी तिनं लाल होऊन दाखवलं पाहिजे." हे तत्त्व त्याने संगणकातच ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण तो माझ्या पानात मुद्दाम बिनमिठाचं वरण वाढायचा आणि मी मुकाट्याने जेवून उठलो की म्हणायचा, "भाऊजी, तुमची जीभ बंद पडली आहे." बंद पडलेली नव्हती. सासुरवाडीत वरणाला नाव ठेवायचं नाही, एवढा माझ्यावर संस्कार होता.

एकदा आमच्या पांढुर्ण्याच्या बाजारात तो माझ्याबरोबर संत्री घ्यायला आला. (सौसरची संत्री सोडून पांढुर्ण्याची घेणं हा तसा घरच्यांशी द्रोहच, पण ते असो.) त्याने गाडीवाल्याला विचारलं, "गोड आहेत का?" गाडीवाला म्हणाला, "एकदम शक्कर." हा म्हणाला, "अरे, मले तं आंबट पाहिजे होती." गाडीवाला म्हणाला, "आंबटच आहेत ना साहेब, खाऊन पाहा." झालं. हा पिशवीची घडी करून चालू लागला. "जो साऱ्याले हो म्हणते, भाऊजी, त्याच्या हो म्हणण्यात काही दम नसते." याच न्यायाने त्याने एक चांगली मुलगी नाकारली. तिला विचारलं, "तुम्हाला राग कशाचा येते?" ती बिचारी लाजून म्हणाली, "येतच नाही." आमची ही त्यावर आठवडाभर भावाशी बोलली नाही. तो मात्र म्हणाला, "ताईले राग येते. ताईवर भरोसा आहे."

पोळ्याला तो आमच्याकडे यायचा, पण दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन काठांवरच्या गावांनी एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेला, सारं गाव जाम नदीकडे लोटलं की हा घरीच. पांढुर्ण्याकडून सावरगावाकडे आणि सावरगावाकडून पांढुर्ण्याकडे दगड सुरू झाले की तो खिडकी लावून घ्यायचा आणि म्हणायचा, "ही टेस्ट दरसाली चालते भाऊजी, दरसाली लाल येते, अन् दुरुस्त कोणीच करत नाही."

आणि त्याचं ते मोडणं! काम संपलं की जागा अशी करायची की इथे कुणी आलंच नव्हतं. आम्ही सौसरहून निघायचो तेव्हा आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत आमची गादी गुंडाळलेली, कप धुतलेले, मी उशाशी ठेवलेलं वर्तमानपत्र रद्दीत. मला मनातून थोडं लागायचं. म्हटलं, गड्या, जावयाचा वास तरी थोडा राहू दे घरात.

मग कंपनीचं फर्मान आलं. घरून काम पुरे, संक्रांतीपर्यंत बंगळुरूला हजर व्हा, नाहीतर नोकरी सोडा. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. सासूबाई सौसर सोडायला तयार नाहीत. त्यांची तुळस, त्यांचं भजनी मंडळ, त्यांची शेजीण. आमच्याकडे पांढुर्ण्याला या म्हटलं तर म्हणायच्या, "जवायाच्या घरी पाहुणपणाले येते, राहाले नाही." पोराने मात्र जावंच, हा त्यांचा हट्ट. आई एकटी राहू शकेल का, एवढाच प्रश्न होता, आणि दुसऱ्या कुठल्याही घरात तो रडारडीने सुटला असता. आमच्याकडे त्याची टेस्ट लागली.

त्याने स्वतःलाच जोडणीतून काढलं. दिवाळीनंतरच्या थंडीत बॅग घेऊन तो आमच्याकडे येऊन राहिला. आई एकटी कशी चालते ते पाहायचं, मदत करायची नाही, फक्त फोन करायचा.

"आई, दूध?"

"आलं."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"गुडघा?"

"मस्त पळून राहिली मी. तू जाय बंगळूरले."

रोज हेच. रोज हिरवं. आमची ही खूश, मी खूश. हा मात्र दिवसेंदिवस उतरत चाललेला. एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला, "भाऊजी, आई साऱ्यातच पास होऊन राहिली."

"मग चांगलं आहे ना बाबा!"

"एकही लाल नाही. माय आहे माझी, ओळखतो मी तिले." आणि त्याने फोन लावला. "आई, कूलरमध्ये पाणी भरलं का?"

"भरलं ना बाबू," सासूबाई म्हणाल्या. "सकाळीच भरलं."

बाहेर स्वेटर घालून फिरावं अशी थंडी. कूलर त्याने स्वतः दसऱ्यानंतर माळ्यावर चढवून ठेवलेला. त्याने फोन खाली ठेवला आणि बॅग उचलली. मला तो गाडीवाला आठवला. आम्ही दोघे मिळेल त्या बसने सौसरला निघालो. रस्ताभर त्याने बॅग मांडीवर घट्ट धरली होती.

सासूबाई बाजेवर होत्या. गुडघा सुजून भोपळा झालेला. शेजीण पोळ्या लाटत होती. आम्हाला पाहून तीच घाबरली. "मी सांगते म्हटलं होतं, पण यांनी शपथ घातली, भाऊ."

"कायले लपवलं, आई?" तो म्हणाला.

"मी नापास झाली असती तं तू गेला असता का?" सासूबाई म्हणाल्या. "इथंच बसला असता नोकरी सोडून, माह्या उशाशी. म्हणून पास होऊन राहिली."

मला वाटलं, आता हा रडणार. रडलाही थोडा. पण रडता रडता त्याचा चेहरा त्या चार्जरच्या दिवसासारखा उजळला. "आई, लाल झालं! आता समजलं काय दुरुस्त करायचं ते."

बिघडलं होतं ते गुडघ्यात नव्हतं, असं त्याचं म्हणणं. गुडघ्याला डॉक्टर आहे. आईला 'नाही' म्हणता येत नाही, बिघाड तो. म्हणून त्याने जाण्याआधी एक रिवाज लावून दिला. आईने रोज सकाळी चहाच्या वेळी मला, म्हणजे जावयाला, फोन करायचा आणि घरात काय बिघडलं ते एक तरी सांगायचं. काहीच बिघडलं नाही असं ज्या दिवशी त्या म्हणतील, त्या दिवशी मी ताबडतोब बस पकडायची. मी विचारलं, "मलाच का?" तर म्हणाला, "पोरापोरीपाशी आई खोटं बोलते. जवायापाशी तक्रार कराले बाईले जड जात नाही."

तो गेला. त्याची खोली त्याने नेहमीप्रमाणे अशी कोरी केली होती की मला तिथे उभं राहवेना. बैठकीच्या भिंतीत मात्र माझा चार्जर खोवलेला होता. तो तेवढा त्याने काढला नव्हता.

तेव्हापासून, सासूच्या तक्रारीची रोज वाट पाहणारा जावई अखिल भारतात मी एकटाच असेन. "जवाईबापू, नळाची चकती गेली." "जवाईबापू, भजनात पेटीवाली बेसूर झाली." "जवाईबापू, शेजीण रुसून बसली." मी म्हणतो, वा, छान! आणि निवांत शाळेत जातो. सासूबाईंना आता तक्रारींची चव लागली आहे. बंगळुरूहून साळा संध्याकाळी विचारतो, "लाल आहे ना भाऊजी?" मी म्हणतो, "लालभडक." तो तिकडे कुठल्याशा उंच इमारतीत, सोलायला संत्री नसताना, गोड हसतो. मला ऐकू येतं.

परवा सकाळी सासूबाईंचा फोन आला. "जवाईबापू, आज काहीच नाही बिघडलं."

माझ्या हातातला खडू... खडू नव्हता, चमचा होता, तो पडला. शाळेत निरोप दिला, स्वेटर उलटा घातला, बस पकडली. सौसरच्या स्टँडवरून रिक्षा न करता पळत सुटलो, या वयात. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, ठणठणीत. पुढे संत्र्यांची परडी. मला पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काही नाही जी," म्हणाल्या, "वायर ओढून पाहिली. येता का नाही ते."

पोटभर जेवलो, वरणाला मीठ कमी आहे असं पहिल्यांदाच तोंडावर सांगितलं, आणि संध्याकाळच्या बसने परत आलो. घरी ही सगळी हकीकत मी हिला रंगवून सांगितली, माझं धावणं जरा वाढवूनच. ती चहा गाळत होती. गाळून झाला, कप माझ्यापुढे ठेवला, आणि गाळणी हातात तशीच धरून म्हणाली,

"तुम्ही रोज विचारता, काय झालं म्हणून. मी रोज म्हणते, काहीच नाही. इतकी वर्षं झाली. तुम्ही कधी बस पकडली?"