सरसातलं आकाश

"काका, तो पडदा आधी उन्हातून उचला," मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते.

"मॅडम, वाळायलाय की चांगला," पलीकडून विश्वनाथकाका म्हणाले. "दुपारपर्यंत कोरडा होतो. मग उलगडतो हळूच."

"उलगडू तर अजिबात नका. सावलीत न्या आणि तसाच ठेवा. मी निघालेय."

कापडावरच्या जुन्या चित्रांचं जतन करणं हे माझं काम. विश्वनाथकाका पूर्णेचे. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर झालेत. त्यांच्या कॉलनीतल्या हौशी नाटक मंडळाचा रंगवलेला पडदा तिथल्याच हॉलच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला होता. वरची पाण्याची टाकी भरून वाहिली आणि पडदा भिजला.

परभणीहून पूर्णेला जाताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. पडदा ऑइल पेंटचा असेल तर फार चिंता नाही. पण नाटकाचे जुने पडदे सहसा तसे नसतात. मांजरपाटाला खळ लावायची, त्यावर खडूच्या पुडीचा हात द्यायचा आणि मग भुकटीचे रंग सरसात कालवून चित्र काढायचं. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. स्वस्त, आणि दिव्यांच्या उजेडात चमकत नाही. दोष एकच. पाणी लागलं की तो फुगतो, मऊ होतो, आणि ऊन लागलं की चिकट पाकासारखा सुटतो. गुंडाळीत तर चित्राची बाजू पुढच्या वेढ्याच्या पाठीला टेकलेली असते. तशीच वाळली तर सगळी गुंडाळी एकजीव होते. मग ती पुन्हा उघडत नाही.

हॉलवर पोचले तेव्हा पडदा आत आणून दोन बाकांवर आडवा ठेवलेला होता. बाजूला सलीमभाई उभे होते. हॉलच्या दिव्या-पंख्यांचं काम तेच बघतात. मी कडेला ओला कापूस टेकवला. कापूस निळा झाला.

"सरसच आहे," मी म्हणाले.

"सरसच. मीच ढवळायचो ना," काका म्हणाले. "रंगवला आमच्या हिनं. ड्रॉइंग टीचर होती. मागच्या वर्षी गेली."

फोनवर ते 'मंडळाचा जुना पडदा' एवढंच म्हणाले होते. मंडळाचा पडदा बिघडला तर रिपोर्ट लिहून मोकळं होता येतं. हे तसं राहिलं नव्हतं.

गुंडाळीला हात लावला. गरम होती. बाहेरचे वेढे ओले, आतले कोरडे वाटत होते. पडदा खालच्या काठाकडून गुंडाळतात, त्यामुळे चित्राचा वरचा भाग बाहेर राहतो. म्हणजे जे सगळ्यात भिजलं तेच आधी उघडावं लागणार होतं. थांबावं तर चिकटणार. उघडावं तर रंग निघणार.

"सलीमभाई, बर्फ मिळेल?"

"किती पायजे?"

"लादीच आणा. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या."

"पडद्याला बर्फ?" काकांनी विचारलं.

"सरस गार पडला की जेलीसारखा आवळतो, काका. आवळला की चिकटपणा कमी होतो. मग सुटायची शक्यता असते."

"आधी केलंय का असं?"

"छोट्या तुकड्यांवर."

ते टॉवेल आणायला गेले.

सलीमभाई स्टेशनजवळच्या रसवंतीवाल्याकडून लादी घेऊन आले. बर्फ फोडून पिशव्यांत भरला, पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळल्या आणि पडद्यावर मांडल्या. पाण्याचा एकही थेंब आत जाऊन चालणार नव्हतं. मी टॉवेल चाचपत बसले. वेढा गार लागायला लागल्यावर काका एका टोकाला, सलीमभाई दुसऱ्या टोकाला आणि मी मधे. एकेक वीत उघडायचं, पुन्हा गार करायचं, पुन्हा उघडायचं. सुटताना होणारा चर्र आवाज ऐकायचा होता. बारीक आला तर ठीक. मोठा आला तर रंग चाललाय.

आकाशाचा बराच भाग सुटला. मग मधोमध एक जागा अडली. बर्फ बदलला, वाट पाहिली, तरी अडली. मी किटमधून कात्री काढून बाकावर ठेवली.

"हा भाग कापून वेगळा काढला तर खालचं सगळं नक्की वाचेल," मी म्हणाले. "ओढला तर काय होईल ते सांगता येत नाही."

काका वाकून बघत राहिले. "इथं ढग हायेत. त्या वख्ताला सरस पातळ झाला होता. ती म्हणाली, अजून घाला. मी म्हणलो, राहू दे, एवढ्यानं चालतंय की."

"मग हा रंग कच्चा आहे. निघणार."

"निघू द्या. कापू नका, मॅडम. तिनं शिवलेलं कापड हाय ते."

मी कात्री परत ठेवली. दोन्ही कोपरं बाकावर टेकवली आणि उलगडायला सांगितलं. मोठा आवाज झाला. सलीमभाईंनी डोळे मिटले.

ढग गेले. दाराएवढ्या जागेत नुसतं पांढरं कापड राहिलं आणि ढग उलटे होऊन पडद्याच्या पाठीला चिकटले. पण त्याखालची कौलं, गल्ली, पार, पारावरची माणसं, सगळं जागच्या जागी निघालं. काका पारापाशी बराच वेळ उभे होते. एका माणसाला गार्डची टोपी होती.

"ते ढग फिरून पुढं आणता येतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"बरं."

पडदा सावलीत, पंख्याच्या हळू वाऱ्यावर सपाट वाळवला. निघालेल्या जागेच्या कडा पातळ सरसानं बसवल्या. ती जागा नव्यानं रंगवून घेऊ असं मंडळाचं म्हणणं होतं. काका नको म्हणाले. आता पडदा गुंडाळत नाहीत, हॉलच्या भिंतीवर टांगलेला असतो.

बर्फानं सरस आवळतो, हे मी शिकले होते. किती आवळेल हे मात्र कुठं लिहिलेलं नसतं. ते प्रत्येक कापडावर नव्यानं बघावं लागतं, आणि बघताना कापडाचा मालक शेजारीच उभा असतो.