आईवरचं कोरं पान

आमचा हा संपादक चाकणच्या कंपनीत पार्ट तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी मासिक काढतो. दर महिन्याला आम्हा लिहिणाऱ्या सगळ्यांना एकच विषय देतो. आलेला लेखही पार्टसारखा उजेडात धरून, एक डोळा मिटून वाचतो. तळवड्यात धंद्यात भल्याभल्यांना मी घासाघीस करून वाकवलंय, हा वाकत नाही.

गेल्या खेपेला विषय होता आई. माझा लेख त्यानं परत केला.

"भाऊ, सगळ्यांच्या आया एकाच साच्यातून निघाल्यात. तुमची जरा वेगळी दाखवा."

"माझ्या आईला साचा म्हणतोस? निम्मा तरी छाप!"

"न्हाई जमायचं, भाऊ."

अंक निघाला, तर पानावर वर ‘आई’, खाली माझं नाव आणि मधलं सगळं कोरं. शिवाय हा स्वतः घरी येऊन तो अंक माझ्या आईच्या हातात देऊन गेला.

आईनं पान उलटून पाहिलं.

"इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढंच सुचलं व्हय रं?"