वायद्याचा शिंपी

"वायदा म्हंजे वायदा, गुरुजी," म्हणत आमचा शिंपी कापडाच्या कोपऱ्यावर खडूने वार लिहायचा. शिंप्याचा उद्या कधी उजाडत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल. टेंभुर्णीच्या या गृहस्थाने मात्र माझा सदरा एक दिवसही उशिरा दिला नाही. उलट मीच न्यायला विसरलो, तर तो शाळेच्या दारात येऊन पोरांसमोर माझी फजिती करायचा.

एका हिवाळ्यात तो मशीनपुढे नुसता बसू लागला. दोरा ओवलेला, कापड सुईखाली, पण चाक फिरायचं नाही.

"उद्या देतो, गुरुजी. मनच लागून न्हाई राह्यलं."

"आता खरा शिंपी झालास!" मी म्हणालो. दुकानात बसलेले सगळे हसले, तोही हसला. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

पुढे त्याचं जेवण सुटलं, झोप गेली. कुणी नजर म्हणालं, कुणी आळस. शेवटी बायको त्याला जालन्याला हकिमांकडे घेऊन गेली. त्यांचं बोलणं तिला अर्धंच कळलं, म्हणून त्यांची चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. मी शाळेत उर्दू शिकवायचो.

हकिमांनी स्पष्ट लिहिलं होतं : मालीखोलिया, म्हणजे खिन्नतेचं दुखणं. बरं होण्यासारखं आहे. काढा द्या, रोज चालायला न्या, बोलतं ठेवा आणि एकटं सोडू नका.

एकटं सोडू नका, हे आमच्याकडे वेड्याबद्दल बोलतात. तिच्या मुलीची सोयरीक नुकतीच जमली होती आणि ओसरीवर दोन शेजारणी कान टवकारून बसल्या होत्या.

"अशक्तपणा हाय, वहिनी. काढा द्या, आराम करू द्या," मी म्हणालो. बाकीचं तिला एकटीला गाठून सांगायचं ठरवलं. मग शाळेची तपासणी आली आणि ते राहून गेलं.

आठ दिवसांनी ती नदीवर धुणं घेऊन गेली असताना तो घरातून निघून गेला. आम्ही विहिरी पाहिल्या, शेतं पाहिली, जालन्याचं स्टेशन पाहिलं. तो परत आला नाही.

वर्षभराने ती भेटली.

"गुरुजी, तुम्ही वाचून दाखवलं तसंच केलं आम्ही. बिलकुल आराम देला, कोन्हाला आत येऊ देलं न्हाई. मंग कुठं चुकलं?"

"तुमचं काहीच न्हाई चुकलं, वहिनी," मी म्हणालो. पुढचं वाक्य मला त्या दिवशीही बोलता आलं नाही.